जावेची सरावाची मुलाखत

मुरबाडच्या कॉलेजात आम्हा बायकांना जुगाराबद्दल मुलाखती घ्यायला शिकवत होते. शहापूरकडच्याही बाया आल्या होत्या. मोबाइलवरच्या पैशांच्या गेमनं घराघरात काय नासधूस चालवलीय, ते बाहेरून आलेल्या माणसाला कोण सांगणार? म्हणून गावातल्याच बायांनी विचारायचं, अशी शिकवणाऱ्या मॅडमची कल्पना. धाकट्या जावेला मीच ओढून नेलं. घरात बसून सुकत चालली होती, म्हटलं चार माणसांत येईल.

दुसऱ्या दिवशी सराव होता. जोडीतल्या एकीनं जुगार खेळणारी व्हायचं, दुसरीनं विचारायचं. जाऊ म्हणाली, "खेळणारी मी होते." मी विचारत गेले आणि ही बया असं काही बोलायला लागली की सगळ्या हातातलं टाकून ऐकत राहिल्या. शेण काढायच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन कशी खेळते, बंदी आली तरी नवी लिंक कशी येते, लेक तापानं फणफणली तरी अंगठा कसा थांबत नाही. टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. तो ताप खरा होता, पोरीच्या कपाळावर पट्ट्या मीच ठेवल्या होत्या.

कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, कधी जीव द्यावासा वाटतो का. ती 'हो' म्हणाली, भाजी झाली का विचारल्यावर म्हणावं तसं. मॅडमनी तिची पाठ थोपटली, छान वठवलंस म्हणाल्या, आणि चहाची सुट्टी झाली.

परतताना धसईच्या गाडीत ती खिडकीशी, मी शेजारी. विचारू की नको? नाटकच असलं तर ती मला हसेल. आणि नसलं तर? गाडी निम्मी रिकामी झाल्यावर तीच हळू आवाजात म्हणाली, "ताय, परत विचार ना. तिथं सगळ्या होत्या."

कागदावरचे शब्द काही तोंडात येईनात. "जीव नकोसा झालाय का गो तुला?" एवढंच विचारलं.

"कालपण वाटलं."

मग माझं मनगट धरून, घरात कोणाला सांगू नको म्हणून विनवायला लागली. मुलाखतीत ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हे मॅडमनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. तिनं ते बरोबर ध्यानात ठेवलेलं. मी भडकले. चुलीत गेला तो नियम.

"मी आज भावजींना सांगणार, आणि उद्या तुला डॉक्टरकडं नेणार," मी म्हटलं. "माझ्यावर रुसलीस तरी चालेल. पण रुसायला तू पायजेस गो."

सांगितलं. दीर आधी तापला, मग डोकं धरून बसला. डॉक्टरकडे जाणं सुरू झालंय. औषध घेते, पण माझ्याशी बोलणं तिनं टाकलंय. रोज सकाळी मी बादली घेऊन नळावर उगाच रेंगाळते. ती येते, मला बघून तोंड फिरवते, आणि माझा जीव भांड्यात पडतो.