इवोनेत मावशीची पकड

ब्राझीलमधल्या मानाउस शहरातल्या आमच्या जुजुत्सूच्या आखाड्यात इवोनेत मावशी सगळ्यांत बुटकी. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबून ती यायची. पाठीवर पडून तिनं समोरच्याच्या कमरेला पायांची मिठी घातली, की तिनं धरलेला हात सोडवून घेणं महाकठीण.

शहराच्या स्पर्धेत अंतिम लढतीला रायानी नावाची दांडगी पोरगी होती. मावशीनं तिचा हात छातीशी ओढला, कंबर वळवली, एक पाय तिच्या तोंडावरून टाकला आणि कोपर ताणलं. आता थाप मारून हार मानणं, एवढंच रायानीच्या हाती उरलं होतं.

"मार गं थाप," मावशी पुटपुटली.

"मरेन, पण मारणार नाही!"

मावशीनं आपली कंबर जराशी उचलली असती तर रायानीचं कोपर मोडलं असतं. मावशी तिथंच थांबली, हात मात्र सोडला नाही. "पंच, बघताय ना? मोडेल हिचं कोपर."

पंचांनी लढत थांबवून मावशीला विजयी ठरवलं. रायानी रडत ओरडली, "मी हार मानलीच नव्हती!"

"बरं बाई, नव्हती मानलीस," तिचं कोपर चोळत मावशी म्हणाली. "चल, तुकुमाच्या ताडफळाचा गर घातलेला पाव खाऊ. सकाळपासून उपाशी दिसतेस."

खाताखाता रायानीनं हळूच विचारलं, "मावशी, कंबर कशी वळवलीस गं?"

मावशी पाव बाजूला ठेवून तिथंच फरशीवर आडवी झाली.