दरवाजा हाय ना जी

आमच्या कुलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला दर उन्हाळ्यात ताटीवाला जुन्या वस्तीतून सायकलवर येतो. वाटेत वेशीचा दगडी दरवाजा लागतो. शहराची भिंत कधीच पडली. दरवाजा तेवढा उरलाय, दोन्ही बाजूंनी मोकळा डांबरी रस्ता. सगळे बाजूनं जातात. हा मात्र खाली उतरतो आणि मागं बांधलेल्या ताट्या सांभाळत कमानीतूनच सायकल काढतो.

"काहून गा एवढी कसरत?" मी विचारायचो.

"दरवाजा हाय ना जी," एवढंच म्हणायचा.

यंदा त्या दरवाजाचं रूप पालटलं. दगड धुतले, दिवे लावले, लोक फोटो काढायला येऊ लागले. मला अभिमानच वाटला. मग कमानीला साखळी लागली.

ठरल्या दिवशी तो आलाच नाही. घामानं निथळत मी फोन केला.

"आलो होतो जी दरवाजापर्यंत. बंद हाय."

"मंग बाजूनं ये ना गा!"

लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "बाजूनं कसा येऊ? तिथं भिंत हाय."

मी चिडून फोन ठेवला. संध्याकाळी नेहमीसारखा दरवाजाच्या बाजूनं निघालो, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर माझा हात ब्रेकवर गेला.