त्यांनी आनंदाने कबूल केले आहे

माणसाला न विचारता त्याचा होकार जाहीर करण्याची विद्या या पृथ्वीतलावर फक्त माझ्या बायकोच्या मामांना साधली होती, आणि ती ते दर रविवारी भर उपासनेत, माइकवरून वापरत असत. आमच्या तालुक्याच्या गावातलं चर्च लहान, मंडळी त्याहून लहान, पण उद्योग मात्र एखाद्या मोठ्या शहराला पुरतील इतके. उन्हाळ्यात स्टँडसमोर पाणपोई, मध्येच डोळ्यांचं शिबिर, मेंढरं घेऊन उतरणाऱ्यांसाठी आवाराबाहेरचा हौद भरणं, आणि आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे म्हाताऱ्यांपाशी राहिलेल्या पोरांसाठी रोज संध्याकाळचा अभ्यास आणि गरम खिचडी. पाळकसाहेबांचं प्रवचन तसं आटोपशीर असे. ते संपलं की मामा सूचना द्यायला उठत, आणि घरी मटण शिजत ठेवून आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागत.

मामांची सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून गेली. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी इतक्या गाड्या लावल्या आणि इतक्या सोडल्या की माणूस निवृत्त झाला तरी आवाज निवृत्त व्हायला तयार होईना. आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावरचा माणूस शिंकला तरी वेदीपर्यंत ऐकू येतं. माइकची गरज कुणालाच नाही. पण हातात माइक नसला की मामांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटे. आधी ते त्यात दोनदा फुंकर मारत, मनगटावरचं घड्याळ बघत आणि मग म्हणत, "सर्व उपासकांनी कृपया लक्ष द्यावे." त्यांच्या तोंडी स्त्री-मंडळाची सभा भरत नसे, ती पाळकसाहेबांच्या घरून 'सुटत' असे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, म्हणजे लेंतमधल्या प्रार्थनासभा कुणाकुणाच्या घरा'मार्गे' जात. एकदा पाळकसाहेब तलवाड्याला कुणाच्या तरी मातीला गेले होते आणि उपासनेची वेळ होऊन गेली, तेव्हा मामांनी उठून शांतपणे जाहीर केलं, "गेवराईमार्गे येणारे पाळकसाहेब अर्धा तास उशिरा येतील. उपासकांनी जागा सोडू नये." एरवी चुळबुळ करणारी मंडळी त्या दिवशी मुकाट बसून राहिली. बीड जिल्ह्यातल्या माणसाला अशा आवाजाचं ऐकायची सवयच आहे.

पण खरी गंमत पुढेच होती. कामांची यादी सांगता सांगता मामा प्रत्येक कामापुढे एकेक माणूस बसवून टाकत आणि शेवटी म्हणत, "त्यांनी आनंदाने कबूल केले आहे." ज्याने कबूल केलंय तो बिचारा ही बातमी सगळ्यांबरोबर पहिल्यांदाच ऐकत असे. आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याने शिबिराच्या दिवशी अंबाजोगाईचं भाडं घेतलं होतं. तो टेम्पो 'नांदूरघाटच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणायला' जाणार असल्याचं त्याला दुसऱ्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मामा, कावून असं करता? घरी येऊन इचारायचं व्हतं की." मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इचारलं असतं तर तू न्हाई म्हनला असता. मग तुलाच रातभर झोप लागली नसती. तुझी झोप वाचवली म्या." टेम्पोवाला गेला. सगळेच जात. वेदीपाशी जाहीर झालेलं मोडायचं धाडस आमच्यात कुणाला नव्हतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

मी तरी कुठे सुटलो? आठवडाभर शाळेत गणित शिकवून माझा घसा बसतो, त्यामुळे रविवारी मी तोंड न उघडण्याच्या बेताने मागच्या बाकावर बसतो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. मामांनी यादी वाचताना पाचवं वचन, म्हणजे तहानेचं, 'आमचे जावईबापू' यांच्या गळ्यात घातलं. मी तिथेच मान हलवून नको म्हणालो. मामांनी माइकमधून सांगितलं, "ते मान डोलावून होकार देत आहेत." तेव्हापासून दर वर्षी ते वचन माझंच आहे, आणि आता तर दुसऱ्या कुणाला दिलं तर मला राग येईल.

चर्चच्या भिंतीला लागून एका फळवाल्या चाचांचा गाडा असतो. रमजान असो की नाताळ, त्यांना आमच्या सगळ्या सूचना चर्चबाहेर लावलेल्या भोंग्यातून फुकटात ऐकाव्या लागतात. एका उन्हाळ्यात त्यांनी कलिंगड कापता कापता ऐकलं की पाणपोईला बर्फ 'आपले फळवाले चाचा' देणार असून त्यांनी आनंदाने कबूल केले आहे. ते सुरी हातात घेऊनच फाटकाशी आले. "मामा, मै तो तुमच्या चर्चचा मेंबर बी न्हाई." मामा म्हणाले, "म्हनून तर तुमचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, चाचा." चाचा कलिंगडाकडे परत गेले आणि संध्याकाळी त्यांनी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी पाठवून दिली. आता ते दर वर्षी मामांच्या आधी स्वतःच विचारतात, पाणपोई कधी लागणार म्हणून.

या सगळ्या राज्यात एकच व्यक्ती अशी होती की जिला जाहीर करावं लागत नसे. ती म्हणजे मामी. खिचडीचे तांदूळ मामांनी सूचना देण्याआधीच निवडून झालेले असत. मामी चर्चमध्ये कधी बोलल्या नाहीत आणि घरीही त्यांना बोलायला फारशी संधी मिळत नसे, कारण मामा घरातही सूचनाच देत. "आता आंघोळीला जातो. आल्यावर चहा होईल. चार वाजता आपण दोघं बाजारात जाऊ." मामी म्हणत, "बरं." एवढ्या एका शब्दावर त्यांनी सगळा संसार रेटला. तो शब्द इतका हळू असे की मामांना तो ऐकू येतो की नाही, अशी मला शंका यायची.

गेल्या दिवाळीनंतर मामींना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू वळणावर आली, पण वाचा गेली ती गेलीच. बीडचे डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना काहीबाही विचारत राहा. मामा बोलण्यात कुठे कमी पडणार? पण विचारणं त्यांना येतच नव्हतं. "चहा घेती का? घेती, घेती," असं म्हणून ते कप तोंडाला लावत. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी एक दिवस वैतागली. "मामा, तुमीच इचारता अन् तुमीच सांगता. त्यांनी बोलायचं कवा? जरा थांबत जा की."

मामांना ते फार लागलं. त्या संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. खिचडी आता पाळकीणबाई करत होत्या. म्हणाले, "जावईबापू, घरात निस्ता माझाच आवाज हाय. तिचं 'बरं' ऐकल्याबिगर काई खरं वाटत न्हाई. ते आता कधीच ऐकू आलं न्हाई तर?" इतक्या वर्षांत मामांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो. मला फार वाईट वाटलं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी टेम्पोवाल्याने आणि मी मिळून मामींना खुर्चीसकट चर्चमध्ये आणलं. झटक्यानंतर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. बायका डोळे पुसत होत्या. मामांनी मात्र तिकडे बघायचं टाळलं, घड्याळ बघितलं आणि सूचनांना सुरुवात केली. उत्तम शुक्रवारची उपासना, सात वचनं, सात नावं. शनिवारी हौद धुणे. मग ईस्टरची पहाटेची उपासना. "त्यानंतर सर्वांसाठी चहा आणि पोहे आहेत. चहाची सर्व व्यवस्था दरवर्षीप्रमाणे आमच्या घरच्या बघतील," मामांनी इथे पुन्हा घड्याळ बघितलं, "त्यांनी आनंदाने कबूल केले आहे."

"न्हाई."

शब्द बोबडा होता, पण आमच्या चर्चमध्ये शिंक लपत नाही तिथे तो काय लपणार. मामांनी चष्म्यावरून पुढच्या रांगेकडे पाहिलं. मामींचं तोंड किंचित वाकडं झालेलं, डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट.

"न्हाई," त्या पुन्हा म्हणाल्या.

आजवर मामांच्या सूचनेला भर उपासनेत कुणी तोंडाने नकार दिला नव्हता. आणि नकार मिळाल्यावर इतका आनंद झालेला माणूसही मी दुसरा पाहिला नाही. माइक तसाच चालू राहिला आणि त्यातून मामांचा नुसता श्वास भोंग्यावर ऐकू येत होता. भिंतीपलीकडून चाचांनी डोकावून पाहिलं. मामा पायरी उतरून खुर्चीपाशी आले आणि त्यांनी विचारलं, "मग काय करशील?"

आणि मग ते थांबले. सगळं चर्च थांबलं. मटणाची कुणालाही आठवण राहिली नाही.

"बसंन," मामी म्हणाल्या. पुन्हा मोठी शांतता. "तुमी... करा."

मामा वेदीपाशी परत गेले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळे पुसले आणि माइकमध्ये फुंकर मारायचं विसरून म्हणाले, "सूचनेत दुरुस्ती आहे. चहा मी करणार हाय." ईस्टरला तो चहा आम्ही प्यायलो. त्यात साखर नव्हती, आलं मात्र कुणाच्याही कल्पनेबाहेर होतं, आणि कप कुणीही खाली ठेवला नाही.

मामींची वाचा पुढे फारशी आली नाही. काही मोजके शब्द आले, तेही रोज येतातच असं नाही. मामा अजून सूचना देतात, पण आता आधी घरी येऊन विचारतात, "जमंल का तुमाला?" आणि दारात उभे राहतात. खरं सांगायचं तर पूर्वी नुसतं जाहीर केलेलं बरं होतं. त्या चेहऱ्याला नाही म्हणणं फार अवघड जातं. संध्याकाळी शाळेतून येताना मी त्यांच्या घरावरून जातो. ओट्यावर मामी खुर्चीत असतात, मामा शेजारी पाटावर. ते काहीतरी विचारतात आणि मग गप्प होतात. ती शांतता कधीकधी फार लांबते. आत जाऊन काही बोलावं असं वाटतं, पण मी जात नाही. उत्तर येईपर्यंत मीही फाटकाशी उभा राहतो.