आर्झोवियाच्या गाडीची गुडदी

आर्झोविया नावाचा देश पृथ्वीवर कुठेही नाही. तरीही त्या देशाच्या सैन्याने कान्हा घरतला जेवढं छळलं, तेवढं खऱ्या माणसांनी त्याला उभ्या आयुष्यात छळलं नसेल.

करंजाड्याला, नव्या इमारतींच्या मागच्या अंगाला कान्हाची पत्र्याची शेड आहे. तिथे तो टँकरच्या टाक्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधतो. हा त्याचा मूळ धंदा नव्हे. खाडीकाठच्या गावात त्याचे वडील होड्या बांधत, आणि पस्तिशी उलटेपर्यंत कान्हाही होड्याच बांधत होता. मग खाडीत भराव पडले, गावं हलली. ज्यांच्या दारात होड्या होत्या त्यांच्या दारात भाडेकरूंच्या मोटारसायकली आल्या. होडी कोणी मागेनासं झालं. नव्या वसाहतींना टँकर मात्र रोज लागत होते, म्हणून कान्हा टँकरकडे वळला. धंदा वाढला, मुलगा केतन बंदरावर नोकरीला लागला, तक्रारीला जागा नव्हती. तरी आपल्या हातचं काहीतरी एकदा पुन्हा पाण्यावर तरंगताना बघावं, एवढं एक त्याच्या मनात राहून गेलं होतं. बायकोला, पुतळाबाईला, ते ठाऊक होतं. तिला ते अजिबात पटत नव्हतं.

केतनच्या ओळखीतूनच नमिता शेडवर आली. कुठल्याशा वेब सिरीजच्या कला विभागात ती काम करत होती. तिने लॅपटॉप उघडून टाकीवर ठेवला.

"काका, ही बोर्गा. आर्झोवियन आर्मीची. एकूण चार गाड्या आहेत. सैनिकांची, तोफेची, कमांडरची आणि अँब्युलन्स. चारही एकाच फॅमिलीतल्या."

"फॅमिली?" पुतळाबाई चहा घेऊन आली होती. "मंग यांच्यात सासू कोनती?"

"तोफवाली," फायबरचं आणि रंगाचं काम बघणारा कासिम म्हणाला. तो उरणकडचा, कान्हाचा वीस वर्षांचा जोडीदार.

नमिता हसली आणि पुढे म्हणाली, "चारही गाड्यांना चाकं आहेत, पण या पाण्यातसुद्धा जातात. आपल्याला एकच खरोखर पाण्यात घालायची आहे, कमांडरची. खाडीत शूट आहे."

कान्हाने तोवर चित्राकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता त्याने चष्मा लावला. गाडीचं नाक पुढे उचललेलं होतं, पोट रुंद होतं. त्याने बोटाने पडद्यावर तळाची रेघ काढली आणि काम घेतलं. इतर तीन गाड्या त्याने त्या चौथीसाठी घेतल्या, हे कासिमला तिथेच कळलं.

आणि मग छळ सुरू झाला.

आधी गाड्यांना सहा चाकं होती. कान्हाने सहाच्या हिशेबाने सांगाडे उभे केले. नमिता आली, चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सॉरी काका, आठ हवीत. आर्झोवियात सहाचाकी नसतात."

"हा देश हाय कुठं?"

"कुठेच नाही."

"मंग तिथं काय असतं नि काय नसतं, ह्ये तुला कोन सांगतो?"

"रायटर," नमिता म्हणाली. तिचाही नाइलाज दिसत होता.

आठ चाकं बसली. मग हिरवा रंग उतरवून मातकट आला, कारण आर्झोवियात पाऊस कमी. मग मातकट उतरवून पुन्हा हिरवा आला, कारण कोणीतरी विचारलं की पाऊस कमी तर गाडी पाण्यात कशाला जाते. मग देशाचं चिन्ह बदललं. गरुड होता, त्याचा बैल झाला. कासिमने बैल रंगवला, तर निरोप आला की बैलाची शिंगं आर्झोवियन नाहीत.

"कान्हाशेठ, मला त्या देशाचा व्हिसा काढून द्या," कासिम म्हणाला. "एकदा जाऊन बैल बघून येतो."

कान्हा हसला नाही. त्याची झोप उडाली होती, जेवताना तो घास हातात धरून चाकांचा विचार करत बसे. "खऱ्या लष्कराचं काम असतं तर एकदा नकाशा आला असता, संपलं असतं," तो पुतळाबाईला म्हणाला.

"टाकीला कधी शिंगं लागत नाय," पुतळाबाई म्हणाली. "टाक्या बांधत होता तेच बरं होतं."

एवढ्या सगळ्यात कमांडरची गाडी मात्र तो स्वतःच्या मनाने बांधत होता. वरचा पत्रा आणि त्यावरची मशीनगनची नळी आर्झोवियाची, पण खालचं पोट त्याच्या वडिलांच्या होडीचं होतं. फायबर त्याने आणि कासिमने थरावर थर हाताने चढवलं, मागे होडीचं मशीन लपवून बसवलं. तळाशी, मागच्या बाजूला, त्याने एक भोक ठेवलं. होडी किनाऱ्यावर असली की आत साचलेलं पाणी त्यातून निघून जातं, आणि ती पाण्यात घालायच्या वेळी त्यात लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, ठोकून बसवतात. कान्हाने सागाचा तुकडा घेऊन गुडदी तासली, तेलात भिजवून ठेवली.

गाडी तयार होते ना होते, तोच नमिताचा फोन आला. पाण्याचा सीन कॉम्प्युटरवर करायचं चाललं होतं. गाडी जमिनीवरच उभी राहील, पाणी मागाहून घालतील.

कान्हाने फोन ठेवला, सदरा बदलला आणि बेलापूरला त्यांनी भाड्याने घेतलेल्या ऑफिसात जाऊन बसला. डायरेक्टर तिशीतला, सतत उभ्याने बोलणारा माणूस होता. कान्हा खुर्चीतून उठला नाही.

"तुमी सहाची आठ चाकं केली, मी केली. तुमी बैल केला, मी केला," तो म्हणाला. "मी एका शब्दाने बोललो नाय. आता मी एकच बोलतो. ती गाडी पान्यात जाईल. नाय जायची असंल तर चारही शेडमधनं हलनार नाय."

डायरेक्टरने नमिताकडे बघितलं. नमिता म्हणाली, "सर, खरं पाणी स्वस्त पडेल." शेवटी एक सकाळ ठरली. गावच्या जुन्या जेट्टीवर, भरतीच्या वेळेला. भरती उतरली की तिथे नुसता चिखल उरतो, म्हणजे जे होईल ते तेवढ्यातच.

आता प्रश्न राहिला मालकाचा.

घरतांच्या शेडची एक जुनी रीत आहे. होडी बांधणारा गुडदी कधी ठोकत नाही. जो होडी नेणार तो येतो, बायको हळदकुंकू वाहते, नारळ फुटतो, आणि मालक आपल्या हाताने गुडदी ठोकतो. गुडदी बसेपर्यंत होडी बांधणाऱ्याची, बसली की मालकाची. कान्हाच्या वडिलांनी हयातभरात एकदाही आपल्या हाताने गुडदी ठोकली नाही, आणि कान्हानेही नाही.

"गाडी कोनाची?" त्याने नमिताला विचारलं.

"म्हणजे?"

"मालक कोन?"

"प्रॉडक्शनची आहे." ती फोनवर मेसेज लिहीत होती. "तसं म्हटलं तर चॅनलची. किंवा फायनान्स करणाऱ्या कंपनीची. का हो?"

कान्हाला एकदम थकवा आला. चाकं, शिंगं, रंग, सगळं समजावून घेऊन आणि समजावून देऊन त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. त्याने गुडदीला हळदकुंकू लावलं, लाल कापडात गुंडाळली आणि नमिताच्या हातात दिली. "जो कोन मालक असंल त्याच्या हातात दे. पान्यात घालायच्या आधी. बाकी त्याचं तो बघंल." आणि तो वेल्डिंगकडे वळला. भोक कुठे आहे, त्या कापडात काय आहे, ते कशासाठी, यातलं काही त्याने सांगितलं नाही. खाडीकाठच्या कोणालाही ते सांगावं लागलं नसतं.

नमिताने ते कापड दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं.

ठरल्या सकाळी सगळे जेट्टीवर जमले. युनिटची माणसं उशिरा आली, चहा प्यायली, मग झेंडा कुठल्या बाजूला लावायचा यावर बोलणी झाली. भरती पुरी होऊन थांबली होती. कान्हा जेट्टीच्या कडेला उभा राहून पाण्याकडे आणि मग डायरेक्टरकडे असा आळीपाळीने बघत होता. पुतळाबाईने नारळ आणला होता. तो कोणी फोडायचा हे कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा तिने स्वतःच फोडला. गाडीखाली क्रेनचे पट्टे अडकवलेलेच होते. मालकाने गुडदी ठोकली असेल, असं कान्हाने धरलं आणि क्रेनवाल्याला हात केला.

गाडी पाण्यावर टेकली आणि तरंगली. ज्या आठ चाकांनी एवढा जीव खाल्ला होता ती आठही पाण्याखाली गेली, एकसुद्धा दिसेना. कान्हाने ते पाहिलं, पण आज त्याला त्याचंही काही वाटलं नाही. नटमंडळी बसायच्या आधी एक फेरी मारून बघायची म्हणून तो, कासिम आणि वॉकीटॉकी घेतलेली नमिता आत उतरले. मशीन सुरू झालं. गाडी जेट्टीपासून दूर निघाली, तिचं नाक नीट वर राहिलं, पाणी दोन्ही बाजूंना सारखं कापलं जात होतं. कान्हाचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला.

"कान्हाशेठ," कासिम म्हणाला, "माझे मोजे ओले झाले."

कान्हाने फळी उचलली. भोकातून पाणी झऱ्यासारखं आत येत होतं. त्याने मशीन बंद केलं आणि तळहात त्यावर दाबून धरला.

"गुडदी कुठाय?"

"कुठली गुडदी?" नमिता म्हणाली.

"लाल कापड दिलं होतं ते."

"ते माझ्याकडे आहे ना. रोज पर्समध्ये ठेवते." तिने लगबगीने पर्स उघडली. "मालक कोण तेच ठरेना, म्हणून मी जपून ठेवलं. मला वाटलं शुभ म्हणून दिलंत. घरी देवापाशीच ठेवत होते."

कान्हा तिच्यावर रागावणार होता. पण सांगितलं कुठे होतं त्याने?

"तुझ्या डायरेक्टरला विचार," तो म्हणाला. "गाडीचा मालक मी, असं तो म्हनतो का विचार. मंग त्याच्या नावाने तू ठोक."

नमिताने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सर, ही गाडी तुमची आहे का?"

"काय?" पलीकडून आवाज आला. "गाडी मध्येच का थांबलीय? टाइड चाललीय."

"सर, हो की नाही एवढंच सांगा. गाडी तुमची का?"

"माझी कशी असेल? कंपनीची आहे. कंपनीला फोन करू का? ते अंधेरीला आहेत."

पाणी घोट्याच्या वर आलं होतं आणि गाडी मागच्या बाजूला जड व्हायला लागली होती.

"कान्हाशेठ," कासिम म्हणाला, "मला पोहता येतं. या पोरीला येतं का ते विचारा, आणि मग अंधेरीला फोन लावा."

कान्हाने नमिताकडे बघितलं. तिने मान हलवली. येत नव्हतं.

त्याने तिच्या हातातून कापड घेतलं आणि सोडलं. हळदकुंकवाने माखलेली गुडदी त्याने क्षणभर हातात धरली, भोकात बसवली. हातोडी किनाऱ्यावर राहिली होती. कासिमने कोपऱ्यातली आर्झोवियन सैन्याची लाकडी बंदूक पुढे केली. कान्हाने तिच्या दस्त्याने गुडदीवर घाव घातला, पुन्हा घातला, आणि पाणी थांबलं.

कासिमने सैनिकांची दोन हेल्मेटं काढली, एक नमिताला दिलं, आणि दोघं पाणी उपसायला लागली. कान्हा तसाच गुडघ्यावर बसून तळाकडे बघत राहिला. मग हात पुसून त्याने मशीन सुरू केलं.

शूट झालं. झेंडा उलटा लागला म्हणून गाडी पुन्हा फिरवली, मग कमांडरची टोपी उडाली म्हणून पुन्हा. कान्हा दर वेळी मुकाट्याने वळवत होता. पाणी उतरून चिखल दिसायला लागला तेव्हाच गाडी वर काढली.

सिरीज आली, तेव्हा पाण्यातली गाडी डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ दिसली. तीन गाड्या युनिटने नेल्या, चौथीला जागा नव्हती म्हणून ती शेडसमोर राहिली. पावसाळा तोंडावर आला तसा नमिताचा फोन आला. कंपनीला हिशेब बंद करायचा होता, गाडी तोडून भंगारात द्यायला ट्रक येणार होता.

"मालकाला विचारावं लागंल," कान्हा म्हणाला.

"काका, मालक कोण ते तुम्हीच मला विचारत होता."

"तवा नव्हतं ठरलं. गुडदी ठोकली त्याची गाडी."

नमिता म्हणाली, "ठीक आहे. मी कंपनीला कळवते की मालक तयार नाही. मालक कोण ते विचारायचं त्यांना अजून सुचणार नाही."

गाडी अजून तिथेच आहे. गुडदी काढून कान्हाने ती शेडमधल्या खिळ्यावर लाल कापडासकट टांगली आहे, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी खालच्या भोकातून निघून जातं. मोठ्या भरतीला गाडी खाडीत घालायची, असं तो दर महिन्याला म्हणतो, आणि क्रेन कुठून आणायची यावर कासिमशी त्याचं वाजतं. अंगणातली निम्मी जागा गाडीने खाल्ली म्हणून पुतळाबाई चिडचिड करते. तिने गाडीच्या नळीपासून शेडच्या खांबापर्यंत दोरी बांधली आहे आणि चादरी तिच्यावर वाळत घालते.

"मालकाला सांगा," ती परवा कासिमला म्हणाली, कान्हाला ऐकू जाईल अशा बेताने, "निदान नळी तरी जरा लांब ठेवायची. एक चादर उरते."