बद्द वाजणारी प्लेट

शिळफाट्याच्या बाजारात माठ घ्यायचा असला की आमची सगळी आळी शकूला सोबत नेते. शकू माझी चुलत बहीण. माठावर बोटाने टकटक करायची, कान लावायचा, आवाज खणखणीत आला तरच घ्यायचा. बद्द वाजला की परत. माठवाले तिला लांबून बघूनच कपाळाला हात लावतात.

गंमत अशी, की तिचा स्वतःचा आवाज बद्द आहे. लहानपणी घशाचं दुखणं झालं, तेव्हापासून बसलेला. तिला बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन, दोन प्रश्न विचारून जात आणि पुन्हा फिरकत नसत. त्यांचा मला अजून राग येतो.

मागच्या वर्षी शकू खोपोलीजवळच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली. भट्टीच्या आणि इंजिनाच्या आत भयंकर आचेत टिकणाऱ्या सिरॅमिकच्या प्लेट तिथे बनतात. काम पटलं तर कायम करणार होते. शकूने काय करावं? सवयीने एकेक प्लेट वाजवली, सगळ्या बद्द वाजल्या, आणि अख्खी खेप तडकलेली म्हणून बाजूला काढली. टेंपो खोळंबला. नोकरी गेलीच, असं तिने मला फोनवर सांगितलं.

तिथली तरुण इंजिनियर अपेक्षा मात्र चिडली नाही. तडा दिसला कुठे, असं तिने विचारलं. दिसला नाही, ऐकू आला, असं शकू म्हणाली. अपेक्षाला हसू आलं. तिने एक साधी सिरॅमिकची प्लेट आणली. ती खणखणीत वाजली आणि हातोडीच्या एका घावात तिचे तुकडे झाले. मग खेपेतली एक घेतली. तिलाही घाव बसला, तडा गेला, पण प्लेट जागच्या जागी राहिली. हिच्या आत केसाहून बारीक धाग्यांचं कापड असतं. तेच आवाज दाबतं आणि तडाही अडवतं, असं तिने समजावलं.

शकू तो तडा नखाने चाचपत राहिली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. धागे कशाचे? भट्टीत जळत कसे नाहीत? तडा धाग्यापाशी थांबतो, की वाट वाकडी करतो? टेंपो भरून गेला तरी प्रश्न संपेनात. अशी चौकस बाई हातची कशाला घालवायची, म्हणून अपेक्षानेच तिला कायम करायला लावलं.

परवा सोमी नावाची नवी बाई कामाला आली. तिनेही प्लेट वाजवून पाहिली आणि म्हणाली, "शकूताई, ही बद्द वाजते गं. बाजूला काढू?"

शकू त्याच बसक्या आवाजात म्हणाली, "वाजू दे गं. बद्द वाजतं म्हंजे फुटलेलं नाय."