पॉलीचं नितळ पाणी

पिराजी भोयाच्या घरातला. त्याचे वडील पंचगंगेत जाळं टाकायचे, चुलते टाकायचे, थोरल्या बहिणीचा नवरा गुंडू अजून टाकतो. पिराजी तेवढा नदीतून बाहेर पडला. बावीस वर्षांपूर्वी इचलकरंजीजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात तो मजूर म्हणून लागला आणि सहा महिन्यांत ईटीपीवर गेला. ईटीपी म्हणजे रंगाचं घाण पाणी नाल्यात सोडायच्या आधी साफ करायची जागा. वासामुळं तिथं कुणी खुशीनं जात नसे. पिराजीला मात्र ती जागा मानवली. पाणी कळायचं त्याला.

रोज सकाळी तो काचेच्या सहा भांड्यांत टाकीतलं पाणी भरायचा आणि प्रत्येकात औषध थोडं थोडं वाढवत ढवळायचा. ज्या भांड्यात गाळ नीट खाली बसेल, तेवढंच औषध मोठ्या टाकीला. या कामात त्याची नजर इतकी बसली होती, की पाण्याचा रंग बघून तो आधीच आकडा सांगायचा आणि भांडी मागाहून त्याला दुजोरा द्यायची.

तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत अनुजा रुजू झाली. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेली, शाहूवाडीकडची पोरगी. तिच्या मागोमाग निळ्या पिंपांतून नवीन औषध आलं. त्याचं नाव हातभर लांब होतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘पॉली’ करून टाकलं. पिराजीनं विचारलं, “मॅडम, ह्यात असं काय हाय?”

अनुजानं खिशातली जपमाळेसारखी एक साखळी काढून टेबलावर ठेवली. “काका, ही एक लांब साखळी समजा. हिच्या कड्याकड्यावर धन भार आहे. रंगावर असतो ऋण भार. दोघं एकमेकांना ओढतात. शिवाय साखळीला मधेमधे तेलकट शेपट्या आहेत, त्या कापडावरचं मेण आणि तेल धरतात. सगळं एकात एक गुरफटतं आणि जड होऊन खाली बसतं.”

“म्हंजे जाळंच की हे.”

“जाळंच,” ती हसली. “हीच जात बरीच कामं करते. आपल्याकडं कापडावर रंग पक्का बसवायला वापरतात, कागदाच्या गिरणीत वापरतात, केसांच्या कंडिशनरमध्ये असते. मी शिकत होते तेव्हा आम्ही तिचा रंगासारखा थर देऊन बघत होतो. जंतू त्याच्यावर बसला, की ती शेपटी त्याच्या सालीत घुसते आणि जंतू फुटतो.”

पिराजीनं पहिल्यांदा पॉली टाकलं त्या दिवशी शाईसारखं काळं पाणी दहा मिनिटांत फाटलं. वर काचेसारखं पाणी, खाली चिखल. त्यानं ते बाटलीत भरलं आणि सुट्टीला कुरुंदवाडच्या अलीकडं नदीकाठी राहणाऱ्या बहिणीला, धोंडुबाईला, नेऊन दाखवलं. “अक्का, हे बघ. हे आमच्या कारखान्याचं पाणी.”

अक्कानं बाटली उजेडात धरली. “ह्ये? खोटं बोलतूस व्हय रं?” तिला इतका आनंद झाला, की तिनं शेजारणींना हाक मारून बाटली दाखवली. माझा भाऊ नदी साफ करतोय, असं ती बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकाला सांगायची. पिराजीला ते ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं, पण बरंही वाटायचं.

दोन वर्षं ठीक गेली. यंदाच्या उन्हाळ्यात नदी आटली, बंधाऱ्यापाशी पाणी तुंबून राहिलं आणि नाल्यातून रंग येतोय अशी तक्रार झाली. तपासणी लागणार म्हणून कारखान्याचे मॅनेजर धैर्यशील ईटीपीवर आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

“पिराजी, पंप कितीवर आहे?”

“तीस. काळा रंग असला की नव्वद लागतंय.”

“मग नव्वदवरच ठेव. रोज. रंग दिसता कामा नये.”

“साहेब, रोज काळा कुठं असतोय? फिका रंग असंल तवा एवढं पॉली कशाला लागतंय? उरंल की ते.”

“उरू दे. उरलेलं दिसतंय का? वाळूच्या फिल्टरातून स्वच्छच येतं ना?”

येत होतं, आधीपेक्षाही स्वच्छ. पण पिराजीनं त्या पाण्यात हात घातला तर बोटं साबण लागल्यासारखी एकमेकांवरून घसरली. त्यानं अनुजाला बोलावलं. तिनंही हात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

“काका, हे बाहेर जाता कामा नये. माशाच्या कल्ल्यांवरही ऋण भार असतो. पॉली तिथं जाऊन चिकटतं. श्वासच घेता येत नाही त्याला.”

तिनं वर मेल लिहिला. दोन दिवसांनी दुसरा लिहिला. चौथ्या दिवशी तिला कापडाच्या तपासणीला, दुसऱ्या इमारतीत, हलवलं. जाताना ती म्हणाली, “काका, मी लिहून ठेवलंय सगळं.” पिराजीनं मान हलवली. लिहिलेलं कुणी वाचायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मग त्यानं स्वतःच एक गोष्ट केली. फिक्या गुलाबी कापडाचा दिवस होता. त्यानं पंप गुपचूप पंचवीसवर आणला. पाणी चांगलं येत होतं. दुपारी रंगखात्यानं न सांगता अचानक गडद निळा सोडला आणि त्याला कळेपर्यंत नाल्यात निळी रेघ गेली. धैर्यशील धावत आले. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त पंपाला जाळीची पेटी बसवून घेतली, आकडा नव्वदवर ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

“मलाही वरून विचारतात, पिराजी,” ते म्हणाले.

पेटी बसवल्यावर नवव्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. “पिराजी, येऊन जा. आत्ताच्या आत्ता ये.”

बंधाऱ्याच्या वर माणसं उभी होती. पाणी इतकं नितळ होतं, की तळाची वाळू दिसत होती, आणि त्या वाळूवर मासे आडवे पडले होते. चिलापी होत्या, हातभर लांबीची वाम होती. काही अजून पाण्यावर येऊन तोंड उघडमीट करत होते. गुंडूनं एक चिलापी उचलून तिचा कल्ला उघडला. आत लाल दिसायला हवं तिथं पांढरट बुळबुळीत थर होता.

“घाण पाण्यानं मासं मेल्यालं लई बघितलं,” गुंडू म्हणाला. “चांगल्या पाण्यात मेल्यालं पहिल्यांदाच बघतोय.”

अक्का भावाजवळ आली. “तुला पाण्यातलं कळतंय. काय झालंय सांग की.”

पिराजीला खोटं बोलता आलं असतं. त्यानं सांगितलं. पॉलीचं, नव्वदचं, पेटीचं, सगळं. अक्का ऐकत राहिली. तिनं शिवी दिली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मग बंद कर की.”

“किल्ली माझ्याकडं न्हाय, अक्का.”

तपासणीची माणसं आली, बाटल्या भरून घेतल्या. पिराजी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनाशी ठरवून त्यानं औषधाचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली, अनुजानं शिकवलेलं कल्ल्यांचं सांगितलं. त्यांच्यातल्या एकानं सगळं शांतपणे उतरवून घेतलं. मग म्हणाला, “पावणं, आमच्या यादीत जे तपासायचं असतं, त्यात हे औषध नाही. पाण्यात ते किती आहे हे मोजायची सोय आमच्याकडं आज तरी नाही.” त्याच्या आवाजातही कुठं उद्धटपणा नव्हता.

तीन आठवड्यांनी कागद आला. रंग, गाळ, तेल, सगळं हद्दीच्या आत. मासे कशानं मेले, तर उन्हाळ्यात पाणी कमी, हवा कमी, असं काहीतरी. कारखान्यात पेढे वाटले. धैर्यशीलनी पेढा पिराजीच्या हातावर ठेवला तेव्हा त्याला तो नाकारायचंही सुचलं नाही. तो हातातच धरून उभा राहिला.

नोकरी काही गेली नाही. उलट त्याला गोदामात बदली मिळाली, त्यानंच मागितली होती म्हणून. तिथं कमी वास, बसायला खुर्ची. ईटीपीवर आता वेगळा माणूस लागतच नाही, पंप आपला आपण चालतो.

गुंडूनं जाळं विकलं नाही. आठवड्यातून दोनदा अक्का फोन करते. “आज कुठला रंग हाय रं? काळा असंल तर जाळं टाकतो म्हणत्यात आमचं हे. फिका असंल तर न्हाय.”

काळ्या दिवशी पॉली सगळं रंगातच खपतं, नदीत येत नाही, हे तिनं पिराजीकडूनच शिकून घेतलंय. पिराजी गोदामाच्या दारातून रंगखात्याकडं बघतो. सकाळी काळ्या कापडाचे गठ्ठे आत गेलेले त्याला दिसतात. दुपारी काय जाईल हे तिथल्या कुणालाच ठाऊक नसतं.

“काळा दिसतोय,” तो म्हणतो. मग लगेच, “पण थांब जरा, अक्का. दुपारी सांगतो.”

“दुपारी मासं थांबत्यात व्हय?” अक्का म्हणते आणि त्याच्या उत्तराची वाट बघत फोन कानाला धरून राहते.