येळवशीची मोकळी वाट

गेल्या मार्गशीर्षात, अमावास्येच्या आदल्या दिवशी, योगेश्वरीच्या गाभाऱ्यासमोर उभी राहून मी जे मागितलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. शेजारी एक बाई लेकाच्या नोकरीसाठी डोळे मिटून पुटपुटत होती. मला तिचासुद्धा हेवा वाटला, कारण तिचं मागणं सरळ होतं. माझं मागणं असं की, आई, उद्या सुनंदाला काहीतरी काम निघू दे, तिला येऊ देऊ नकोस. तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकला आणि पायऱ्या उतरताना वाटलं, देवी असलं काही ऐकत नसणार. इतकी वर्षं मंगळवार धरले आणि शेवटी मागायचं काय, तर हे.

सुनंदा माझी शेजारीण. ती बँकेत आहे, मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. दोघींना एकाच वर्षी साखरेचा आजार निघाला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि चालून चालून कंटाळलो तेव्हा आम्ही सायकली काढल्या. डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर अंगावर येतात म्हणून मीच तिला बालाघाटाच्या डोंगरातल्या वाटा दाखवल्या. माझं माहेर केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडचं एक लहान गाव. मुरमाच्या गाडीवाटा, शेताशेतांतून जाणाऱ्या पांदी, वनखात्याचे खडीचे रस्ते मला लहानपणापासून पाठ. सुनंदाला तेव्हा पांद म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, कुत्रं भुंकलं की सायकल टाकून माझ्यामागे लपायची. मग तिच्या मुलानं पुण्याहून तिला जाड टायरची, वाकड्या हँडलची खास सायकल पाठवली. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. माझी मात्र लेकीच्या कॉलेजातली, गिअर अडकणारी. चढाला ती पुढे आणि मी मागे, असं सुरू झालं. लातूरची माणसं फोन करून तिला वाटा विचारू लागली, आणि ती माझ्याच वाटा त्यांना सांगू लागली. हेही मी गिळलं असतं.

गिळता आलं नाही ते माहेराचं. सुनंदाला भाऊ नाही, आईवडील नाहीत. एकदा सायकलवर आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो, तर वहिनीनं दोघींच्या ओट्या भरल्या. दुसऱ्यांदा गेलो तर दादा तिच्या गप्पांना माझ्यापेक्षा जास्त हसला. गेल्या भाऊबीजेला त्यानं तिलाही बोलावलं. मी ओवाळून उठले आणि तिनं ओवाळलं. दादा त्याच पाटावर बसून होता. मी ताट धरून हसत उभी राहिले. नंतर दिवाळीचा चिवडाही कडू लागला. नवीन सायकल, बँकेची नोकरी, सगळं घे बाई, पण माझा भाऊ कशाला? एक माहेर तर होतं माझ्याकडे.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं रानात जातात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, उंडे, खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवलेली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग आंबील पिकावर शिंपायची. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही आणि जाणाऱ्यानंही नाही म्हणायचं नाही, ही रीत. आमच्या घरात आंबील घरची लेक शिंपते. आधी आत्या शिंपायची, मग मी. लग्न झाल्यावरही माझी येळवस कधी चुकली नाही. आणि त्या वर्षी दादाचा फोन आला की औंदा दोघी बहिणी मिळून शिंपा. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्या रात्री मशीनवर बसले तर सुई तीनदा मोडली.

अमावास्येला उजाडता उजाडता निघायचं ठरलं होतं. रोजची आमची रीत अशी की तिच्या फाटकासमोर मी घंटी वाजवायची. मी घंटी वाजवली नाही. सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथून टांग मारली. पूजा होईपर्यंत माझा कडक उपास असतो, पाणी फक्त. पण सकाळची साखरेची गोळी मात्र सवयीनं घेतली गेली. सवयीपुढे डोकं चालत नाही.

त्या दिवशीच्या रस्त्यासारखा रस्ता वर्षात पुन्हा मिळत नाही. ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, माणूस नाही. सगळे रानात. खडीवर टायर कुरकुरत होते आणि धावड्याच्या झाडीत होले घुमत होते. सीताफळीची पानं पिवळी पडली होती. उताराला लागल्यावर मला मोठ्यानं गावंसं वाटलं, की आज ही वाट फक्त माझी. मग लगेच वाटलं, मागून ती आली तर? तिच्या सायकलला वेळ किती लागतो. मी पायडल जोरात मारू लागले. एका शेतात कोपीपाशी नवरा-बायको पूजा उरकून बसले होते, त्यांनी हाक मारली, या बाई, आंबील घेऊन जा. मी हात वर केला आणि थांबले नाही. येळवशीला हाक नाकारलेली ती माझी पहिली वेळ.

पुढे गढीचं गाव लागलं. जुनी वेस, ढासळलेले बुरूज, मारुतीसमोर ओळीनं मांडलेले वीरगळ. इतर वेळी सुनंदा तिथं फोटो काढत बसते आणि मी वैतागते. त्या दिवशी घराघराला कड्या होत्या. किराणाचं दुकान बंद, एक शेळी तेवढी ओट्यावर बसलेली. वेशीतून बाहेर पडताना हात कापतायत असं जाणवलं. मी ते थंडीवर ढकललं. पुढचा चढ सागाच्या झाडीतून जातो. निम्म्यावर गेल्यावर अंगाला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे रस्ता हलू लागला, आणि तेव्हा मला रिकाम्या पोटी घेतलेली गोळी आठवली. पिशवीत खायला काहीच नव्हतं, उपास म्हणून मुद्दाम घेतलं नव्हतं. फोनला रेंज नव्हती. चढाच्या अंगाला जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची विहीर. तिथपर्यंत सायकल ढकलत गेले आणि कठड्याला टेकले. सायकल आडवी पडली ती उचलण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या वेळीही मी देवीला नीट हाक मारली नाही. मनात आलं ते हे की, मी इथं पडून राहणार आणि सुनंदा दुसऱ्या वाटेनं जाऊन एकटीच आंबील शिंपणार. मग तेही विचार तुटायला लागले. तेव्हा कुठे तोंडून आई एवढंच निघालं. पुढे काही मागणं नव्हतं, मागायला शुद्ध नव्हती.

"कावून बसलीस गं माय अशी? लई घाम आलाय की अंगाला."

डोळे उघडले तर एक म्हातारी वाकून बघत होती. बारवेच्या पलीकडे मेंढरं बसली होती, म्हातारा त्यांच्यात उभा होता. मेंढपाळ होते. शेतकऱ्यांकडून मागून आणलेल्या कडब्याच्या चार पेंढ्या टेकवून त्यांनीही एक कोप केली होती, माणूस आत जाणार नाही एवढी, आणि आत पाच दगड. रान त्यांचं नव्हतं. वाटेकडेची जागा होती ती. म्हातारीनं आंबिलीचा गडवा माझ्या तोंडाशी धरला. मी एवढ्या अवस्थेतही मान फिरवली, म्हणाले, पूजा झाल्याशिवाय खात नाही, उपास आहे.

"आमची पूजा झालीया की," ती म्हणाली. "देव काय येगळाले हायेत व्हय? पी."

मी प्याले. मग तिनं गुळाची खीर पळसाच्या पानावर वाढली, तीही मी लहान पोरासारखी खाल्ली. हळूहळू रस्ता जागेवर आला. तेव्हा पाहिलं की ती दोघं माझ्याकडे बघत बसली आहेत आणि त्यांची पानं अजून कोरी आहेत. तुम्ही का जेवला नाहीत म्हणून विचारलं. म्हातारी म्हणाली, "पांतस्थ जेवल्याबिगर आमी जेवत न्हाई आज. सकाळधरनं वाटंला डोळे लावून बसलोत. पर मानूसच न्हाई, ज्येला त्येला आपलं रान. तू आलीस, आता आमी बी जेवतो."

मी जी मोकळी वाट माझी म्हणून मिरवत होते, तिच्याकडे ही दोघं उपाशीपोटी बघत बसली होती. स्वतःचं बोटभर रान नसताना त्यांनी येळवस मांडली होती, आणि मांडली तीही कुणीतरी यावं म्हणून. याला मी कृपा म्हणते. कुणी योगायोग म्हणेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. म्हातारी काही अदृश्य झाली नाही, तिच्या नातवाचा फोन नंबर माझ्याकडे आहे आणि बायकांनी जुन्या साड्या दिल्या की मी तिच्यासाठी एक बाजूला ठेवते. पण आई म्हणून हाक मारली तेव्हा ओ देणारी तीच होती.

तेवढ्यात चढाखालून घंटी वाजली. सुनंदा. आडवी पडलेली सायकल पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि खिशातून ग्लुकोजचा पुडा काढतच ती उतरली. "उपास धरलास आणि गोळी घेतलीस. मला माहीतच होतं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी न थांबता का निघाले, हे तिनं विचारलं नाही. आणि मी कशी, तर त्या क्षणीही मला वाटून गेलं की हिनं हा चढ किती लवकर चढला. हेवा असा एका खिरीत जात नाही.

म्हातारीनं तिलाही बसवलं, पान मांडलं आणि विचारलं, दोघी भनी का? सुनंदा माझ्याकडे न बघता पटकन म्हणाली, नाही, शेजारणी आहोत. ते ऐकून मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. भाऊबीजेचं ताट मी कसं धरलं होतं तेही तिनं पाहिलं असणार.

"व्हय मावशी, भनीच हाव," मी म्हणाले. सुनंदा मान खाली घालून खीर खात राहिली.

पुढची वाट सायकली हातात धरून चालतच गेलो, त्यामुळे पोचायला फार उशीर झाला. शेताच्या बांधावर दादा उभा होता, लाजल्यासारखा. तो म्हणाला, लई वाट पाहिली, पण पूजा तरी किती खोळंबून ठेवायची. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. ज्वारीच्या कडेनं वहिनी चालली होती. डाव्या हातात आंबिलीचा गडवा, उजव्यात पळसाची डहाळी. डहाळी बुडवायची, झटकायची, एक पाऊल पुढे. ती इतकी सावकाश चालली होती की मला आधी वाटलं, तिला जमत नाही. मग तिचा चेहरा दिसला. लग्न होऊन आल्यापासून दर येळवशीला आंबिलीचा हंडा डोक्यावरून रानात आणायची ती, आणि बांधावर आला की उतरवून माझ्या पुढ्यात ठेवायची ती. मी तो घ्यायचे. तिच्याकडे कधी बघितलंही नव्हतं, आणि एवढे महिने जळत होते सुनंदावर.

आम्हाला पाहून वहिनी गडबडली. चोरी करताना सापडल्यासारखी धावत आली आणि गडवा माझ्यापुढे धरला. "घ्या आक्का, निम्मं रान राह्यलंय तुमच्यासाठी."

रात्रंदिवस ज्याच्यासाठी तडफडले ते आता समोर होतं, कुणीही न मागता दिलेलं. देवीनं दिलं होतं म्हणा हवं तर. हात पुढे झालेच होते माझे. ते मी मागे घेतले, पाठीशी एकमेकांत धरले, म्हणजे पुन्हा सुटायला नकोत.

"राह्यलेलं बी तुमीच शिंपा, वहिनी," मी म्हणाले.

ती दादाकडे बघत राहिली. मग वळली आणि डहाळी बुडवली. आम्ही दोघी तिच्या मागून निघालो, ओळीनं, आणि पुढून उडणारे आंबिलीचे थेंब आमच्याही तोंडावर येत होते.